साडूचे खांब

दुसऱ्याचा पगार जास्त असला तर माणूस ते पचवतो. दुसऱ्याचा मुलगा हुशार निघाला तर तेही एक वेळ पचवतो. पण दुसऱ्याचे खांब आपल्या खांबांपेक्षा बारीक आहेत, हे दुःख ज्याच्या वाट्याला आलं असेल त्यालाच कळेल. सल्लागारांच्या वाट्याला ते रोज येत होतं, कारण ते खांब त्यांच्या खिडकीसमोरच उभे होते.

सल्लागार हे काही त्यांचं नाव नव्हे. दारावरच्या पाटीवर नाव होतं आणि नावाखाली 'संरचना सल्लागार' असं लिहिलेलं होतं. उन्हानं नाव उडालं, सल्लागार राहिला, आणि सगळी इमारत त्यांना तेच म्हणू लागली. इमारतींचे खांब आणि तुळया किती जाड हव्यात, ते हिशेब करून सांगणं हा त्यांचा धंदा. तिसऱ्या मजल्यावर त्यांचे साडू राहत, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. तेही त्याच विद्येचे. वयानं लहान, अंगानं उंच, आणि डोक्यावर केस एवढे की दोन साडूंमध्ये सारखे वाटले असते तरी दोघांचं भागलं असतं.

फाटकापासून इमारतीच्या दारापर्यंतच्या वाटेवर छत घालायचं ठरलं, तेव्हा नेमके सल्लागार कामासाठी बाहेरगावी होते. परत येऊन बघतात तर साडूंनी आखलेलं छत तयार. वाटेच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा लोखंडी खांब, चपटे, फूटपट्टी उभी करावी तसे. सल्लागारांच्या खिडकीतून, म्हणजे वाटेच्या बाजूनं, त्यांची फक्त कड दिसायची. बगळ्यानं पाय टेकलेत की उचललेत कळू नये, इतकी नाजूक. प्रत्येक बाजूला खांबांच्या मध्यावर, छातीच्या उंचीला, एक पाइप आडवा गेलेला. त्याचं एक टोक इमारतीच्या भिंतीत आणि दुसरं फाटकाच्या दगडी खांबात. बस, एवढंच. येणारे-जाणारे मान वर करून बघत आणि 'वा' म्हणत.

आता सल्लागारांचंही एक काम त्याच आवारात होतं. मागच्या अंगणातली पाण्याची टाकी ज्या चार खांबांवर उभी आहे, ते खांब त्यांचे. एकेका खांबामागे दोन-दोन मुलं लपाछपीत सहज लपत. त्या खांबांना आजवर कुणी 'वा' म्हटलं नव्हतं. सासूबाई धाकट्या मुलीकडे राहत. एकदा संध्याकाळी फिरून येताना दोन्ही जावयांच्या देखत त्या म्हणाल्या, "धाकट्यांचं काम कसं नाजूक. थोरल्यांचं आपलं भक्कम." भक्कम हा शब्द वाईट नाही. पण गाणं न येणाऱ्या माणसाला 'आवाज मोठा आहे हो' म्हणतात, त्या सुरात त्या तो म्हणाल्या.

सल्लागारांनी त्याच वेळी साडूंना सहज विचारल्यासारखं विचारलं, खांबांचं बकलिंग तपासलं होतं का म्हणून. साडू केसांतून हात फिरवत म्हणाले, "बघितलं की दादा सगळं."

हे 'सगळं' सल्लागारांच्या घशात अडकलं. ज्यानं खरोखर तपासलेलं असतं तो सगळं म्हणत नाही, तो आकडा सांगतो.

बकलिंग म्हणजे काय, हे सल्लागारांनी त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर बायकोला समजावलं. तिनं विचारलं नव्हतं, पण तुम्ही ते घरी करून बघा, गंमत आहे. शाळेतली फूटपट्टी टेबलावर उभी धरायची आणि वरच्या टोकावर तळहातानं दाबायचं. थोडं दाबलं तर पट्टी सरळ. आणखी थोडं दाबलं तरी सरळ. आणि मग एकदम ती मध्यावर एका बाजूला पोट काढते. ती तुटलेली नसते, चुरडलेली नसते. भार सोसायची ताकद तिच्यात असते, पण सरळ उभं राहून सोसणं तिला जमत नाही. याला म्हणतात बकलिंग. आता तीच पट्टी निम्म्या लांबीची घ्या. ती जवळजवळ चौपट भार घेईल आणि हूं की चूं करणार नाही. म्हणून खांब बारीक आहे की जाड, एवढंच बघून चालत नाही. त्याला आधाराशिवाय किती लांब उभं राहावं लागतंय, ते बघावं लागतं.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की ते छत पडेल असं तुम्हाला वाटतंय, की पडावं असं वाटतंय? सल्लागार म्हणाले की शास्त्रात वाटण्याला जागा नसते. बायकोनं फूटपट्टी उचलून टेबल पुसून घेतलं.

अशा तपासणीसाठी हल्ली सॉफ्टवेअर असतं. आपण त्यात खांब-तुळयांचा सांगाडा काढायचा, भार सांगायचे, आणि ते प्रत्येक मेंबरचा निकाल देतं. मेंबर म्हणजे सांगाड्यातली एकेक काठी. सोसायटीचे मेंबर वेगळे. अर्थात भार आला की बाजूला सरकण्याचा गुण दोघांतही असतो. सल्लागारांच्या ऑफिसात हे सॉफ्टवेअर होतं, पण ते चालू करण्याची किल्ली मोठ्या साहेबांच्या खणात असे, आणि साहेब किल्ली देताना कोणत्या कामासाठी ते विचारत. सल्लागारांनी मग कंपनीला फोन करून घरच्या संगणकासाठी थोड्या दिवसांची फुकट प्रत मागितली. फोनवरच्या मुलीनं संस्था विचारली, हुद्दा विचारला, आणि शेवटी वापराचा हेतू विचारला. सल्लागार क्षणभर अडखळले आणि म्हणाले, "कौटुंबिक." मुलीनं ते दोनदा विचारून घेतलं.

मग खांब मोजायचे होते, तेही कुणाला न कळता. सल्लागार टेप खिशात घालून खाली गेले आणि काहीतरी हरवल्यासारखे खांबांशी वाकले. पहिल्या मजल्यावरच्या गाणं शिकवणाऱ्या बाई लगेच मदतीला आल्या. काय हरवलंय ते न विचारता त्यांनी शोधायला सुरुवात केली आणि दुसऱ्या टोकाला त्यांना खरंच एक चावी सापडली. ती कुणाची, हे ठरवण्यात अर्धी इमारत खाली आली. तेवढ्या गर्दीत सल्लागारांनी चार मापं घेतली. पाचवं घेताना साडू तिथे पोचले आणि टेपचं दुसरं टोक आपणहून धरून उभे राहिले. कशाला, हेही त्यांनी विचारलं नाही. स्वतःच्या खांबाचं माप देताना माणूस इतका मोकळा कसा असू शकतो, या विचारानं सल्लागारांना जेवण गेलं नाही.

तीन संध्याकाळी बसून त्यांनी छत संगणकात उभं केलं. काम चोख. बारा खांब काढले, वरच्या तुळया काढल्या, दोन्ही बाजूंचे आडवे पाइपसुद्धा काढले, कारण उद्या कुणी म्हणायला नको की मत्सरापोटी काही गाळलं. मग बकलिंगची तपासणी लावली. सॉफ्टवेअर एकेका खांबाबद्दल विचारत होतं, पाय कसा धरलाय, डोकं कसं धरलंय, वजन किती, वारा किती. एखाद्या सोशिक शिक्षकासारखे सल्लागार उत्तरं देत गेले. शेवटी बटण दाबलं.

खांब पास झाला तर तो पडद्यावर हिरवा होतो, नापास झाला तर लाल. बाराही खांब लाल झाले. सल्लागारांनी आयुष्यात अनेक सूर्यास्त पाहिले होते, पण इतका सुंदर लाल रंग पाहिला नव्हता. त्यांनी बायकोला हाक मारली. ती आली, बघून म्हणाली की सगळंच लाल आहे तर तुमचं काहीतरी चुकलं असेल. सल्लागार कीव आल्यासारखे हसले.

खरं तर त्यांनी ही गोष्ट कुणाला सांगायची नाही असंच ठरवलं होतं. आधी साडूंना बाजूला घेऊन, मोठ्या भावाच्या मायेनं, खांद्यावर हात ठेवून सांगायचं. पण साडू घरी नव्हते, आणि समोरच्या दारात निवृत्त कॅशियर उभे होते. सल्लागारांनी त्यांना शपथ घालून सांगितलं. कॅशियरांनी आयुष्यभर एक पैसा इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता, ती सगळी कसर त्यांनी बातम्यांत भरून काढली. संध्याकाळपर्यंत इमारतीत दोन पक्ष पडले. एक पक्ष छताखालून पळत जायचा, दुसरा छताच्या बाहेरून उन्हातून. होमिओपॅथीचे डॉक्टर छत्री उघडून छताखालून जाऊ लागले. गाण्याच्या बाईंचं म्हणणं पडलं की खांबांना दोरीनं एकमेकांशी बांधावं. कॅशियर म्हणाले की बांबूंचे टेकू द्यावेत, आणि टेकूंनाही बकलिंग होतं का, ते सल्लागारांनी बघून ठेवावं.

सोसायटीच्या सचिवांकडे तक्रार गेली, तेव्हा ते म्हणाले की तोंडी धोका मंडळ ग्राह्य धरत नाही. धोका लेखी हवा, आणि त्याच्या तीन प्रती. सल्लागारांनी तो दिला. मग वाटेवर दोरी लावायचं ठरलं. पण दोरी देखभालीत धरायची की आपत्तीत, यावर बैठक लांबली. अखेर पाटी लागली, 'छताखालून स्वतःच्या जबाबदारीवर जावे.' सासूबाईंनी पाटी वाचली आणि वर निघून गेल्या. मागच्या दाराला पायऱ्या फार, पुढच्या वाटेनं यायचं नाही, म्हणून त्यांचं संध्याकाळचं फिरणं बंद झालं. त्या बाल्कनीत बसून खाली बघत राहायच्या. सल्लागार दिसले की आत जायच्या.

रविवारी छत उतरवायचं, असं सचिवांनी जाहीर केलं. आदल्या दिवशी शनिवारी संध्याकाळी सगळ्यांसमोर सल्लागारांनी दोष दाखवावा, म्हणजे कुणाला शंका राहणार नाही. आणि नवं छत कुणी करायचं, हा प्रश्नच नव्हता. सचिवांनी सल्लागारांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "या वेळी भक्कम करू या." हा शब्द इतका गोड असू शकतो, हे सल्लागारांना पहिल्यांदा कळलं.

तेवढ्या दिवसांत साडू मात्र बदलले. जिन्यात भेटले तर मान खाली. एकदा म्हणाले, "दादा, तुम्ही तपासलंय म्हणजे बरोबरच असणार." बायकोची बहीण, म्हणजे मेहुणी, घरी येऊन ताईशी बोलून जायची, भाऊजींशी एक अक्षर नाही. बायको वाढायची, पण पुरे का विचारायची नाही. सल्लागारांनी मनाशी म्हटलं, सत्याची वाट एकट्याचीच असते.

शनिवारी दुपारी त्यांनी संध्याकाळची तालीम करायला घेतली. नुसता लाल रंग दाखवण्यापेक्षा खांब कसे वाकतील ते हलत्या चित्रात दाखवलं, तर लोकांच्या मनावर जास्त ठसेल. सॉफ्टवेअर तेही दाखवतं. त्यांनी बटण दाबलं. बाराही खांबांनी वाटेच्या लांबीच्या दिशेनं पोटं काढली, परत सरळ झाले, पुन्हा पोटं काढली. दृश्य भयंकर होतं. सल्लागारांनी ते तीन वेळा चवीनं पाहिलं.

चौथ्या वेळी त्यांचं लक्ष पाइपाकडे गेलं. खांब वाकत होते, पण पाइप जागचा हलत नव्हता. खांबाचं पोट पाइपाला तिथेच सोडून खुशाल बाजूला जात होतं. भिंतीतून भूत जावं तसं.

काय झालं होतं ते सांगतो, अवघड नाही. कागदावर दोन रेघा एकमेकींना छेदून काढल्या तर आपल्याला त्या जोडलेल्या वाटतात. सॉफ्टवेअरला तसं वाटत नाही. जिथे दोन काठ्या खरोखर जोडलेल्या आहेत, तिथे एक टिंब द्यावं लागतं. टिंब नसेल तर त्याच्या लेखी त्या दोन अनोळखी काठ्या, एकमेकींच्या शेजारून गेलेल्या. सल्लागारांनी पाइप काढला होता, इमानदारीनं काढला होता, पण बारापैकी एकाही खांबावर टिंब दिलं नव्हतं. खाली खऱ्या छतात मात्र पाइप प्रत्येक खांबाला वेल्डिंग केलेला होता, आणि दोन्ही टोकांना दगडात आणि भिंतीत घट्ट. म्हणजे प्रत्येक खांबाला बरोबर मध्यावर कुणीतरी हात देऊन धरलेलं होतं. खांब दिसायला पूर्ण लांबीचा. वाकायचं म्हटलं तर निम्म्या लांबीचा.

त्यांनी टिंबं दिली आणि बटण दाबलं. बाराही खांब हिरवे झाले. काठावर पास नाही, पहिल्या वर्गात पास. इतका वाईट हिरवा रंग सल्लागारांनी कधी पाहिला नव्हता.

ही गोष्ट जगात कुणाला माहीत नव्हती. टिंबं पुसली की खांब पुन्हा लाल. उद्या छत उतरेल, परवा नवं काम त्यांच्या हाती, सासूबाई त्यांच्या छताखालून फिरायला जातील. त्यांनी टिंबं पुसूनही पाहिली, फक्त कसं दिसतं ते बघायला. लाल दिसलं. पण आता त्या लालात मजा उरली नव्हती. मत्सर शमायलासुद्धा समोरचा खरोखर नापास असावा लागतो. खोट्या नापासावर मन भरत नाही. शिवाय जिन्यातलं ते 'बरोबरच असणार' कानात होतं. त्यांनी टिंबं परत दिली आणि संगणक उचलून खाली नेला.

मागच्या अंगणातल्या सचिवांच्या खोलीत सगळे जमले होते. सासूबाईंना मागच्या पायऱ्यांनी दोघांनी धरून आणलं होतं. साडू कोपऱ्यात उभे. सल्लागारांनी पडदा सगळ्यांकडे वळवला. हिरवे खांब बघून कॅशियर म्हणाले की रंग उलटे झालेत वाटतं.

"रंग बरोबर आहेत," सल्लागार म्हणाले. "चूक माझी होती. पाइप खांबांना जोडलेला आहे, मी तो संगणकात जोडला नव्हता. छत पक्कं आहे. उतरवायचं कारण नाही."

कॅशियरांचा चेहरा उतरला, त्यांनी बांबू सांगून ठेवले होते. सचिवांनी सांगितलं की लेखी धोका मागे घ्यायचा तर तोही तीन प्रतींत घ्यावा लागेल. आणि मग सगळे एकदम साडूंकडे वळले. काय डोकं, काय दूरदृष्टी, बारीक खांब आणि मध्ये पाइप. गाण्याच्या बाई म्हणाल्या की तरीच तो पाइप पहिल्यापासून किती शोभतो. आपल्याच हातानं आपल्या साडूला डोक्यावर बसवण्याचा प्रसंग वैऱ्यावर येऊ नये, असं सल्लागारांना वाटलं. तरी शेवटची आशा म्हणून त्यांनी विचारलं, "तुम्ही पाइपाचा आधार धरूनच हिशेब केला असेल ना?"

साडूंनी केसांतून हात फिरवला नाही. त्यांचे कान लाल झाले होते.

"नाही दादा," ते म्हणाले. "वजनानं खांब चुरडत नाही ना, एवढंच बघितलं होतं. बकलिंग बघायचं राहूनच गेलं. तुम्ही लाल म्हणालात, त्यावर माझा विश्वास बसला तो त्यामुळेच."

"मग पाइप?"

"तो हिनं लावायला लावला. सतरंज्या वाळत घालायला."

सगळ्या माना मेहुणीकडे वळल्या. ती मुळीच लाजली नाही. ती म्हणाली की हे तर दोरी बांध म्हणत होते, पण दोरीला झोळ पडतो, म्हणून पाइप प्रत्येक खांबाला पक्का करून घेतला. आणि बरोबर मध्यावर अशासाठी की वर घेतला तर हात पुरत नाही आणि खाली घेतला तर सतरंजी जमिनीला लागते. इतके दिवस सतरंजी पडली नव्हती, कारण सचिव परवानगी देत नव्हते. मग तिनं दोघा इंजिनियरांकडे आळीपाळीनं बघितलं. "मी तेव्हाच म्हणाले होते, मध्ये धरायला काहीतरी हवं. घरात ऐकतं कोण?"

सासूबाई खुर्चीवरून उठल्या. दोन्ही जावयांना ओलांडून धाकट्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवत म्हणाल्या, "खरी इंजिनियर ही."

मंडळानं तिथल्या तिथे ठराव करून मेहुणीचे आभार मानले आणि पाइपावर सतरंज्या वाळत घालायची तिला कायमची परवानगी दिली. डॉक्टरांनी तिला विचारलं की आमच्या बाल्कनीचा कठडा जरा हलतो, सवडीनं येऊन बघाल का. सचिव म्हणाले की मागच्या टाकीचे खांबही एकदा तिच्या नजरेखालून जायला हवेत. सल्लागारांची बायको बहिणीच्या शेजारी अशी उभी होती, की निम्मं श्रेय आपोआप तिच्याकडे जावं.

रविवारी सकाळी छताखाली नेहमीची ये-जा सुरू झाली. पाइपावर चार सतरंज्या पडल्या होत्या, भिजलेल्या, काठांतून पाणी टपकत असलेल्या. जाणारा-येणारा त्यांच्याकडे बघून मान डोलवायचा. सासूबाई दोनदा फिरून आल्या आणि दोन्ही वेळा पाइपावर हात ठेवून उभ्या राहिल्या. सल्लागार आवारातल्या बाकावर बसून हे बघत होते. थोड्या वेळानं साडू येऊन शेजारी बसले. दोघांमध्ये आजवर नेहमी एक माणूस बसेल एवढी जागा असे, आज नव्हती.

वर बाल्कनीतून मेहुणी कुणाला तरी सांगत होती की असं काही नसतं, जरा डोकं वापरलं की जमतं.

साडू हळूच म्हणाले, "दादा, तुम्ही पाइपावर ओल्या सतरंज्यांचं वजन धरलं होतं का?"

सल्लागारांनी सतरंज्यांकडे बघितलं. मग साडूंकडे बघितलं.

"नव्हतं धरलं," ते म्हणाले.

"ओल्या सतरंज्या फार जड असतात."

"फार," सल्लागार म्हणाले. "आणि फुकट प्रत उद्यापर्यंतच चालणार आहे."

दोघे एकदम उठले. साडूंनी टेपचं टोक धरलं, सल्लागारांनी आजूबाजूला कुणी बघत नाही ना ते पाहिलं, आणि दोघं काहीतरी हरवल्यासारखे पहिल्या सतरंजीशी वाकले.